४के व्हिडिओ ‘फाटतो’ तेव्हा आधी फ्रेम थांबवून बघा

प्रश्न थोडक्यात असा: चोपड्याकडे मोबाइलवर लग्नं आणि अहिराणी गाणी शूट केली जातात. ४के, सेकंदाला ६० फ्रेमवर घेतलेल्या क्लिपमध्ये चित्र मधूनच आडवं फाटल्यासारखं दिसतं. दिवसा कमी, रात्री मांडवात जास्त, आणि लॅपटॉपवर टाकलं की आणखीच. फोन मध्यम किमतीचा, मेमरी कार्ड नवीन. सॉफ्टवेअर अपडेट केलं, फोन रिसेटही मारला, फरक शून्य. आता फोन बदलावा का?

फोन बदलायची घाई करू नका. रिसेटने काही होणारच नव्हतं, कारण ‘फाटणं’ या एका शब्दात पाच-सहा वेगवेगळे दोष कोंबले जातात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा आहे. तुमच्या वर्णनात तर एकाच वेळी दोन-तीन दोष दिसतात: रात्रीचा एक, लॅपटॉपवरचा दुसरा.

खरं फाटणं म्हणजे काय, ते आधी. कुठलाही पडदा चित्र एका झटक्यात दाखवत नाही, वरून खाली एकेक ओळ रंगवत जातो. ते रंगवणं अर्ध्यावर असताना नवी फ्रेम येऊन बसली, तर वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा दिसतो. हा दोष दाखवण्यातला आहे, नोंदवण्यातला नाही. कॅमेरा एन्कोडरला (चित्र आकुंचून फाइल बनवणाऱ्या भागाला) पूर्ण फ्रेम देतो, त्यामुळे दोन फ्रेमचे असे तुकडे फाइलमध्ये सहसा जातच नाहीत. फोनच्या पडद्यावरही हे क्वचितच दिसतं. २०१२ च्या अँड्रॉइड ४.१ पासून पडद्याच्या ठोक्याला धरूनच फ्रेम बदलायची व्यवस्था पक्की झाली आहे.

म्हणून पहिली तपासणी एकच. दोष दिसतो तिथे क्लिप थांबवा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवा. लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये त्यासाठी ‘ई’ची कळ आहे. थांबलेल्या फ्रेममध्ये काहीच दिसत नसेल आणि चालू केलं की फाटत असेल, तर फाइल चांगली आहे, दोष लॅपटॉपचा. तीच क्लिप दोनदा चालवून फाटण्याची जागा दर वेळी बदलत असेल तरी तेच. थांबलेल्या फ्रेममध्ये दोष दिसला, तर त्याचा आकार नीट बघा. मऊ कडांचे काळसर आडवे पट्टे असतील तर दिव्यांचा दोष. उभे खांब तिरपे किंवा चित्र जेलीसारखं हललेलं असेल तर रोलिंग शटर, म्हणजे सेन्सरने चित्र एकदम न टिपता ओळीओळीने वाचणं. हिरवे-करडे चौकोन असतील तर डेटा खराब झालेला आहे. अर्धी फ्रेम पांढरी आणि अर्धी नेहमीची असेल, तर तो शेजारच्या फोटोग्राफरचा फ्लॅश. आणि प्रत्येक फ्रेम स्वच्छ असूनही चाल झटके देत असेल, तर फ्रेम गळत आहेत किंवा त्यांचा वेग कमीजास्त होतो आहे.

रात्री मांडवात जास्त होतं, म्हणजे आधी दिवे. यावर जरा सविस्तर बोलू, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. दिव्याचा उजेड प्रत्येक आवर्तनात दोनदा चढतो-उतरतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, दर १० मिलिसेकंदांना एकदा. स्वस्त एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये हा चढउतार दाबणारा कपॅसिटर लहान असतो किंवा नसतोच. डोळ्याला ते कळत नाही. मोबाइलचा सेन्सर मात्र फ्रेम एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो, आणि फोनप्रमाणे व मोडप्रमाणे त्याला साधारण १० ते ३० मिलिसेकंद लागतात. समजा २० लागले. तेवढ्यात उजेड दोनदा चढला-उतरला. काही ओळींना भरती मिळाली, काहींना ओहोटी, आणि फ्रेमवर दोन काळे पट्टे उमटले. पुढच्या फ्रेमला पट्टे सरकलेले असतात, म्हणून चालू व्हिडिओत चित्र आडवं चिरत गेल्याचा भास होतो.

इलाज शटरमध्ये आहे. प्रत्येक ओळीवर उजेड पडण्याचा वेळ १० मिलिसेकंदांच्या पूर्ण पटीत ठेवला, की प्रत्येक ओळीला पूर्ण चढउतार मिळतो आणि पट्टे जातात. म्हणजे १/१०० किंवा १/५० सेकंद. ३० फ्रेमला १/५० किंवा १/१०० दोन्ही चालतात. ६० फ्रेमला १/५० शक्यच नाही, कारण एका फ्रेमचा वेळच १/६० सेकंद. तिथे १/१०० एवढाच पर्याय. ‘शटर फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवा’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, पण त्याप्रमाणे ३० फ्रेमला १/६० आणि ६० फ्रेमला १/१२० येतं, आणि आपल्या विजेवर दोन्ही चुकीचे. साध्या लहरीचा हिशेब केला तर १/६० वर चढउताराचा साधारण सहावा आणि १/१२० वर जवळजवळ पाचवा हिस्सा चित्रात शिल्लक राहतो. पांढऱ्या भिंतीवर आणि हळदीच्या पिवळ्या कापडावर तो लगेच दिसतो.

शटर हाताने लावायला फोनचा ‘प्रो व्हिडिओ’ मोड वापरा. तो नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अॅप आहे. आयफोनवर आणि निवडक अँड्रॉइड फोनवर चालतं. त्यात शटर कोनात दाखवलं असेल तर ३० फ्रेमला २१६ अंश म्हणजे १/५०, १०८ अंश म्हणजे १/१००, आणि ६० फ्रेमला २१६ अंश म्हणजे १/१००. कोनात गोंधळ होत असेल तर सेटिंगमध्ये सेकंदांचा पर्याय निवडा. यातलं काहीच नसेल, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘अँटीफ्लिकर’ किंवा ‘अँटीबँडिंग’ शोधा आणि ऑटोऐवजी ५० हर्ट्झ करा. ऑटो बहुतेक वेळा बरोबर ओळखतं, पण अंधाऱ्या मांडवात एकच प्रखर दिवा समोर आला की गडबडतं.

आता खानदेशातल्या लग्नातली खरी मेख: जनरेटर. लाईट गेली की मांडव त्यावर जातो आणि त्याची वारंवारता गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) ठरवतो. भार कमी असताना इंजिन थोडं जास्त फिरतं, ५१-५२ हर्ट्झ सहज होतात. तेव्हा १/१०० वरही अगदी पुसट पट्टे रांगताना दिसू शकतात. ५१ हर्ट्झला शिल्लक राहणारा चढउतार जेमतेम २ टक्के, बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पण तेव्हाच शटर ऑटोवर असेल तर काही खरं नाही. जनरेटरवर डीजे आणि दिवे दोन्ही असतील, तर बासच्या ठोक्याबरोबर उजेडही दबतो. शटर त्याला काही करू शकत नाही. दिव्यांची लाइन वेगळी मागून घ्या.

स्टेजवरचे रंगीत पार लाइट ही वेगळीच जात. त्यांचा उजेड कमी करायला आतली सर्किट एलईडी सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करते. यात पट्टे बारीक आणि दाट येतात आणि १/१०० चा नियम लागू पडेलच असं नाही. सोपा उपाय: लाईटवाल्याला डिमर पूर्ण करायला सांगा. बहुतेक पार लाइट १०० टक्क्यांवर चालू-बंद करणं थांबवतात आणि पट्टे जातात. उजेड जास्त वाटला तर दिवा मागे सरकवा, डिमर हलवू नका. रंग मिसळायला प्रत्येक रंग वेगवेगळा मंद केलेला असतो, म्हणून जांभळ्या-केशरी छटांमध्ये पट्टे उरू शकतात. नवरा-नवरीच्या तोंडावर निदान एक स्थिर पांढरा दिवा ठेवावा, तो यासाठी. मागे एलईडी भिंत असेल तर तिचे काळे पट्टे वेगळे. भिंत चालवणाऱ्याला रिफ्रेश ३८४० हर्ट्झवर नेता येतो का विचारा. पॅनेलमधल्या चिप साथ देत असतील तर ते कंट्रोल कार्डच्या सॉफ्टवेअरमधून होतं. होत नसेल तर १/५० वर या, किंवा भिंत फ्रेममध्ये कमी घ्या.

फ्लॅशची अर्धी पांढरी फ्रेम टाळता येत नाही. फ्लॅशचा झोत काही सहस्रांश सेकंद किंवा त्याहून कमी टिकतो, तेवढ्या वेळात उघड्या असलेल्या ओळीच पांढऱ्या होतात. एडिटिंगमध्ये ती एक फ्रेम काढून आधीची दोनदा लावा, कुणाला कळत नाही. हार घालताना अशा पंधरा-वीस फ्रेम निघतात, कंटाळवाणं काम आहे, पण तेवढंच.

दिवसाच्या क्लिपकडे येऊ. तिथे दिव्यांचा प्रश्न नाही, पण उन्हाचा आहे, आणि दोन प्रकारे.

पहिला शटरचाच. मोबाइलच्या भिंगाचं छिद्र लहान-मोठं होत नाही, एफ/१.८ च्या आसपास कायम उघडं. वैशाखाच्या उन्हात आयएसओ ५० वरही फोनला १/४००० पर्यंत जावं लागतं. प्रत्येक फ्रेम सुईसारखी तीक्ष्ण येते, हालचालीचा नैसर्गिक धूसरपणा जातो, आणि वरातीतला नाच तुटक दिसतो. लोक यालाही फाटणं म्हणतात. एनडी ६४ फिल्टर (उजेड ६४ पट कमी करणारी काळसर काच) लावला की १/४००० चं साधारण १/६० होतं. क्लिपवर बसणारा फिल्टर मिळतो. मात्र कमीजास्त होणारा स्वस्त व्हेरिएबल एनडी घेऊ नका, टोकाला नेला की चित्रात फुलीसारखी काळी सावली पडते.

दुसरा तापमानाचा. आयफोनसाठी कंपनीने दिलेली वापराची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सियस आहे. जळगाव-भुसावळला एप्रिल-मेमध्ये सावलीतच ४३-४५ अंश असतात आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच. ४के ६० म्हणजे एका फ्रेमला जवळपास ८३ लाख पिक्सेल, सेकंदाला ६० वेळा. १०८०पी ३० च्या आठपट काम. चिप तापली की फोन आधी पडद्याचा उजेड कमी करतो, मग प्रोसेसरचा वेग. त्यानंतर फ्रेम गळायला लागतात आणि शेवटी रेकॉर्डिंगच बंद पडतं. रबरी कव्हर काढा, फ्लाइट मोड लावा, पडद्याचा उजेड अर्ध्यावर आणा, पॉवरबँक लावून शूट करू नका कारण चार्जिंगची उष्णता वेगळीच भर घालते. सलग शूट न करता ८-१० मिनिटांचे तुकडे घ्या आणि मधे फोन सावलीत ठेवा. थंड पाण्याच्या बाटलीला किंवा बर्फाला चिकटवू नका. भिंगाच्या आतल्या बाजूने बाष्प धरलं तर तो दिवस गेला.

आता कार्ड. नवीन आहे म्हणून ते निर्दोष धरू नका. आयफोनच्या सेटिंगमध्येच दिलेले अंदाज घ्या: एचईव्हीसीमध्ये (व्हिडिओ आकुंचून साठवायची नवी पद्धत) ४के ३० ला मिनिटाला सुमारे १७० एमबी, ४के ६० ला ४०० एमबी. म्हणजे सेकंदाला ७ एमबीपेक्षा कमीच. क्लास १० चं कार्ड १० एमबीची हमी देतं, म्हणजे कागदावर पुरतं. पण लिहिता लिहिता कार्ड आतली जागा साफ करायला क्षणभर थांबतं, तोवर फोनचा बफर (तात्पुरती साठवण) भरतो आणि फ्रेम गळतात. म्हणून व्ही३० छापलेलं कार्ड घ्या. त्यात सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहिण्याची हमी असते. पाकिटावरचा मोठ्या अक्षरांतला ‘१००’ सहसा वाचण्याचा वेग असतो, त्याला भुलू नका.

नकली कार्डाची गत याहून वाईट. आत ३२ जीबी आणि दाखवतं १२८. भरेपर्यंत सगळं ठीक, मग नवा डेटा जुन्यावर चढतो नाहीतर हवेत जातो. हिरवे-करडे चौकोन यातूनच येतात. एन्कोडर प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही, आधीच्या फ्रेमपासूनचा फरक साठवतो. मधला तुकडा गेला की पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत, म्हणजे साधारण सेकंदभर, चित्र विस्कटलेलं राहतं. विंडोजवर एचटू-टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्स-मॅकवर एफ३ चालवून कार्ड पूर्ण लिहून-वाचून तपासा. ६४ जीबीला तासाच्या वर लागतो, रात्री लावून झोपा. या तपासणीत कार्डावरचा जुना डेटा शाबूत राहील असं धरू नका, आधी तो काढून घ्या. तरीही माझं मत विचाराल तर ४के थेट फोनच्या आतल्या मेमरीतच घ्या आणि त्यात १५-२० टक्के जागा रिकामी ठेवा. कार्ड नंतर कॉपीसाठी.

रोलिंग शटरचं तिरपेपण मांडवात फारसं जाणवत नाही, पण साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांसमोर गाणं शूट केलं की पाती वाकडी दिसतात, आणि सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा आडवा धावला की त्याचे पाय लवचिक होतात. तो सेन्सरचा स्वभाव आहे, बिघाड नाही. गंमत म्हणजे इथे ६० फ्रेम बरी पडते, कारण सेन्सरला पूर्ण फ्रेम १६.७ मिलिसेकंदांच्या आत वाचावीच लागते. ३० ला तो ३३ पर्यंत रेंगाळू शकतो. घोडा तिरपा तुमच्याकडे येईल असे उभे राहा. कॅमेरा फिरवताना एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला ७ सेकंद लागतील इतकं सावकाश फिरवा. फोन ट्रायपॉडवर असेल तर इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण बंद करा, नाहीतर स्थिर चित्रातही कडा लहरतात. आणि फोन मोटरसायकलच्या हँडलला बांधून शूट करू नका. इंजिनाच्या कंपनांनी भिंगाचं स्थिरीकरण बिघडू शकतं, अशी सूचना अॅपलने २०२१ मध्ये अधिकृतपणे दिली होती.

लॅपटॉपवर आणखीच फाटतं, त्याचं उत्तर बहुधा लॅपटॉपच्या वयात आहे. फोन एचईव्हीसीमध्ये लिहितो, एचडीआर (उजेड-सावलीचा जास्त आवाका टिपणारा मोड) चालू असेल तर १० बिटमध्ये. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या चिप ८ बिट एचईव्हीसी हार्डवेअरने उलगडतात, १० बिट सातव्या पिढीपासून. त्याहून जुन्या लॅपटॉपवर सगळा भार प्रोसेसरवर येतो, फ्रेम उशिरा पोचतात आणि चित्र तुटतं. फोनमध्ये एचडीआर बंद करा. लॅपटॉप फारच जुना असेल तर एच.२६४ ही जुनी पद्धत निवडा, फाइल दुप्पट होईल पण चालेल. व्हीएलसीमध्ये हार्डवेअर डिकोडिंग चालू आहे का बघा. टीव्हीला जोडत असाल तर एचडीएमआय १.४ च्या पोर्टवर ४के फक्त ३० हर्ट्झला जातं. ६० फ्रेमची क्लिप तिथे झटके देणारच. एडिटिंगसाठी १०८०पी प्रॉक्सी, म्हणजे क्लिपची हलकी नक्कल, बनवा.

प्रत्येक फ्रेम स्वच्छ आहे आणि तरी चाल अडखळते, तर मीडियाइन्फो या अॅपमध्ये फाइल उघडून फ्रेम रेट ‘कॉन्स्टंट’ आहे की ‘व्हेरिएबल’ ते बघा. फोन अंधारात आपोआप फ्रेम रेट कमी करतात. आयफोनमध्ये ‘ऑटो एफपीएस’ बंद करता येतं. आधीच घेतलेली फाइल हँडब्रेक या अॅपमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून काढली की एडिटिंगमधले झटके आणि आवाज मागेपुढे होणं दोन्ही थांबतं. आणि ड्रोनच्या २५ फ्रेम, फोनच्या ३० आणि मित्राच्या फोनच्या ६० एकाच टाइमलाइनवर टाकू नका. २५ च्या टाइमलाइनवर ३० ची क्लिप टाकली की दर सेकंदाला ५ फ्रेम फेकल्या जातात आणि तो धक्का नाचात दिसतो.

मग २५ की ३०? विजेचा विचार केला तर २५ फ्रेम, १/५० शटर हे सरळ गणित. पण अहिराणी गाणी बघणारा बहुतेक जण ६० हर्ट्झच्या मोबाइलवर बघतो. तिथे २५ ची प्रत्येक फ्रेम कधी दोनदा, कधी तीनदा दाखवली जाते. ३० ची प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा. म्हणून तुमच्यासाठी ३० फ्रेम, रात्री १/५०, फारच उजेड असेल तर १/१००. सगळे कॅमेरे तसेच लावा. ६० फ्रेम फक्त संथ गतीसाठी राखा.

थेट स्टेजच्या भिंतीवर फोनचं चित्र दाखवत असाल, तर खरंखुरं फाटणं तिथे भेटेल. फोन ६० वर पाठवतो आणि भिंतीचा प्रोसेसर ५० वर असतो. दोन्ही १०८०पी ६० ला बांधा.

आज रात्री एवढं करा. घरातला एलईडी लावून पांढऱ्या भिंतीसमोर २० सेकंदांच्या तीन क्लिप घ्या: ऑटो, १/५० आणि १/१२०, तिन्ही ३० फ्रेमवर, आतल्या मेमरीत. ऑटो आणि १/१२० मध्ये पट्टे आणि १/५० स्वच्छ निघालं, तर फोन निर्दोष. उद्या सकाळी सावलीत, कुठल्याही दिव्याविना एक क्लिप घ्या. तीतही थांबवलेल्या प्रत्येक फ्रेममध्ये त्याच उंचीवर चित्र तुटत असेल, तर मात्र कॅमेरा मॉड्यूल किंवा त्याची फ्लेक्स केबल (आतली पट्टीसारखी वायर) बिघडली आहे. सर्व्हिस सेंटरला ती क्लिप फोनमधली मूळ फाइल म्हणूनच दाखवा. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली नको, तिथे आकुंचनात मूळ दोष पुसला जातो आणि नवे चौकोन उगवतात. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.